हिरव्या खुणेची वाट न बघणारा माणूस

अन्वर गेल्याची बातमी मला मोबाईलवर कळली, आणि तीही कशी कळावी! सकाळचे आठ वाजले होते. डबा पिशवीत टाकून मी निघायच्या बेतात होतो. आमच्या संस्थेच्या स्टाफ ग्रुपवर मेसेज आला, 'कॉम्प्युटर हार्डवेअर विभागाचे अन्वर सर आज पहाटे हृदयविकाराच्या झटक्यानं आपल्याला सोडून गेले.' त्याच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. दहा-बारा जोड्या हात झाले असतील नसतील, तेवढ्यात मधेच एक रंगीत चित्र टपकलं. फुगे, फटाके, सोनेरी चषक. 'अभिनंदन! आपल्या संस्थेनं चौथी पातळी पार केली!' पोरांना हार्डवेअर शिकवायचं म्हणून जो मोबाईलवरचा खेळ आम्ही आणलाय, त्याची ही रोजची बधाई. ती ग्रुपवर टाकायला एक समन्वयक नेमलाय. त्यानं वर काय लिहिलंय ते न वाचताच टाकली असणार, त्याच्याकडून दुसरी अपेक्षाही नाही. खरी कमाल पुढंच झाली. त्या चषकाखाली चार मास्तरांनी टाळ्यांची चित्रं टाकली, आणि पाचव्यानं पुन्हा हात जोडले... मी फोन गादीवर आपटला. बायको म्हणाली, "काय झालं वो?" मी बोटानं गादीवरचा फोन दाखवला.

मी जगन्नाथ. त्याच संस्थेत इलेक्ट्रिशियनचा वर्ग घेतो. संस्थेचं नाव इथं लिहीत नाही आणि त्या खेळाचं तर मुळीच लिहिणार नाही, त्यांना फुकटची जाहिरात कशाला? अन्वर आणि मी अठरा वर्षं शेजारशेजारच्या खोल्यांत शिकवलं. मधे एकच भिंत. माझ्याकडं वायरिंग तपासायचा मेगर आणि वायरी, त्याच्याकडं जुनी कॉम्प्युटरं. बँकांनी टाकून दिलेली, वाळूजच्या कारखान्यांनी टाकून दिलेली, एखाद्या दवाखान्यानं टाकून दिलेली... जिथून मिळंल तिथून त्यानं ती गोळा केली होती. बावीस मशिनं होती. कुणाला झाकण नव्हतं, कुणाचा पंखा घरघर करायचा. बाहेरचा माणूस आला की म्हणायचा, हे काय भंगाराचं दुकान मांडलंय? अन्वर हसून म्हणायचा, "हौ, दुकान है. आत या, बसा, एखादं खोला."

त्याची शिकवायची रीत मी दुसऱ्या कुणाकडं पाहिली नाही. पोरं यायच्या आधी तो अर्धा तास यायचा आणि प्रत्येक मशीनमध्ये एकेक खोट करून ठेवायचा. कुठं केबल अर्धवट उपसलेली, कुठं रॅमची पट्टी एका बाजूनं उचललेली, कुठं पॉवरच्या पिनेखाली कागदाचा कपटा. त्या खोटेला तो 'पाहुणा' म्हणायचा. पोरं आली की दारातच विचारायचा, "बोला, तुमच्याकडचा पाहुणा कुठं बसलाय?" मग दोन-दोन तास पेचकस घेऊन शोधाशोध. पोरं रडकुंडीला यायची. हा मदतीला जायचा नाही. कुणी 'सर, झालं' म्हणालं की तपासायचाही नाही, नुसतं म्हणायचा, "लाव की मग." मशीन लागलं तर लागलं. नाही लागलं आणि तीन बीप वाजल्या तर कान टवकारून म्हणायचा, "ऐक, काय म्हणतंय ते ऐक." शाब्बास हा शब्द मी त्याच्या तोंडून अठरा वर्षांत ऐकला नाही. एकदा मी म्हणालो, "अरे, जरा पाठ थोपट की पोरांची." तर म्हणतो, "जगनभाऊ, मशीन चालू झालं ना? आता मी मधे कशाला तोंड घालू?"

मग तो खेळ आला. एखादं लग्न असावं तसा आला. फीत, नारळ, फुलांच्या माळा, स्टेजवर सहा खुर्च्या आणि त्यातल्या पाचांवर असली माणसं बसलेली, ज्यांनी जन्मात एक स्क्रू फिरवला नसंल. चाळीस टॅबलेट एका कपाटात चार्जिंगला लावलेले. कंपनीचा एक तरुण आला होता, टी-शर्टवर त्याच खेळाचं चित्र. बोलायला गोड आणि ज्ञानानं कोरा. त्यानं पडद्यावर दाखवलं, बोटानं रॅम उचलायची, मदरबोर्डवर सरकवायची, जागेवर नेऊन दोन सेकंद बोट दाबून धरायचं. मग हिरवी खूण उमटते, घंटी वाजते, वीस गुण मिळतात. टाळ्या! प्राचार्य तर असे टाळ्या वाजवत होते, जशी ती रॅम त्यांनीच बसवली.

अन्वर मागच्या रांगेत होता. त्यानं हात वर केला.

"पट्टी उलटी लावली तर काय होतं?"

"सर, उलटी लागतच नाही. जवळ नेली की आपोआप सरळ होते. विद्यार्थ्याला अपयशाची भीती नको, असा विचार आहे त्यामागं."

"आणि जोर किती लावायचा?"

"जोर लावायचाच नाही सर. फक्त स्पर्श."

अन्वर खाली बसला. मला कानात म्हणाला, "खत्म. हे पोट्टे आता मदरबोर्डला गुदगुल्या करणार." मी मोठ्यानं हसलो आणि प्राचार्यांनी माझ्याकडं डोळे वटारून पाहिलं.

एक गोष्ट मात्र मला खरी लिहिली पाहिजे, कारण अन्वरनं ती मला खरी बोलायला लावली होती. मी त्या खेळाला शिव्या घालायचो आणि तो मला अडवायचा. "नक्को रे, खेळ वाईट नाही. ज्या पोरांना इंग्रजी नावं पाठ होत नव्हती, त्यांना चार दिवसांत झाली. हरकत नाही. पण नाव पाठ झालं म्हणजे हाताला कळलं का? आधी खेळू दे, मग माझ्याकडं पाठव." त्याचं मागणं एवढंच होतं. खेळही राहू दे, खोलीही राहू दे. बावीस मशिनं कुणाचं काय खात होती?

पण आमच्याकडं नवं आलं की जुन्याला हाकललं नाही तर मोठ्या लोकांना नवं आल्यासारखंच वाटत नाही. टॅबलेटसाठी 'गेम लॅब' करायची टूम निघाली. पोरांना मांडीवर टॅबलेट घेऊन खेळायला थंडगार खोली पाहिजे म्हणे! आणि सगळ्या इमारतीत त्यांना सापडली कुठली, तर अन्वरची. मशिनं भंगारात काढायची तर ती निकामी आहेत असं कुणीतरी लिहून द्यायला पाहिजे. त्यासाठी समिती नेमली. तीन माणसांची. एक प्राचार्य, एक भांडारपाल आणि तिसरा... तिसरा मी.

का गेलो समितीत? प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाले, त्या खोलीचा मागचा अर्धा भाग तुमच्या वायरिंगच्या बोर्डांना देऊ. माझी पोरं व्हरांड्यात उभी राहून वायरिंग करायची, पावसाळ्यात भिजायची, हे खरं होतं. पण मी त्यासाठी गेलो असं म्हणणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. मी गेलो कारण केबिनमध्ये 'नाही' म्हणायची मला सवय नव्हती. स्टाफरूममध्ये वाघ आणि केबिनमध्ये शेळी, असली जमात आमच्यात लई आहे, आणि मी तिच्यातलाच. ती दुपार मला लख्ख आठवते. अन्वर रजेवर होता, त्याच्या मुलीच्या सासरी काहीतरी कार्यक्रम होता. आम्ही तिघं त्याच्या खोलीत बसलो. समोसे आले. भांडारपालानं बावीस चिठ्ठ्या आधीच छापून आणल्या होत्या, 'तपासले, निकामी, दुरुस्तीयोग्य नाही'. खाली तीन सह्यांची जागा. मी समोसा खात खात बावीस सह्या केल्या. एकही मशीन आम्ही तपासलं नाही. भांडारपालानं डिंकानं चिठ्ठ्या चिकटवल्या आणि म्हणाला, "सुटलो बुवा एकदाचे."

दुसऱ्या दिवशी अन्वर आला. खोलीच्या दारात किती वेळ उभा होता, मला माहीत नाही. मी भिंतीच्या या बाजूला पोरांना मोठमोठ्यानं अर्थिंग शिकवत होतो. मधल्या सुट्टीत तो नेहमीसारखा चहाला आला. म्हणाला, "मशिनं चालली, जगनभाऊ." मी म्हणालो, "काय करणार, वरूनच आदेश होता." त्यानं माझ्याकडं पाहिलं, बिस्किटाचा पुडा माझ्यापुढं सरकवला आणि पोरांच्या परीक्षेचं बोलायला लागला. मी स्वतःची समजूत घातली की त्याला कळलं नसंल. माझी सही म्हणजे नुसती गिचमीड, कुणाला वाचता येते? अठरा वर्षं तो माझ्या रजेच्या अर्जावर 'कार्यभार स्वीकारला' म्हणून शेजारी सही करत होता, हे मी सोयीनं विसरलो. आणि हो, तो मागचा अर्धा भाग मला मिळाला नाही. तिथं आता सोफा आहे. पाहुण्यांना बसायला.

खेळावर शिकलेली पहिली तुकडी बाहेर पडली आणि त्यांचं काय झालं ते मी कोमलच्या तोंडून ऐकलं. कोमल बजाजनगरची. बाप वाळूजला कारखान्यात, आई शिवणकाम करते. खेळात ती संस्थेत पहिली आली होती, तिचा फोटो नोटीस बोर्डावर लावला होता. तिला एका कंपनीनं कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कामासाठी बोलावलं. तिथल्या सुपरवायझरनं तिच्यापुढं एक मदरबोर्ड ठेवला, हातात रॅमची पट्टी दिली आणि म्हणाला, बसव. कोमलनं पट्टी बरोबर जागेवर नेली. वर बोट ठेवलं. आणि थांबली... बोट तसंच ठेवून थांबली. सुपरवायझर म्हणाला, "काय करतेस?" ही म्हणाली, "हिरवं व्हायची वाट बघतेय." तिथं चार-पाच माणसं होती, सगळी हसली. मग घाबरून तिनं नको तिथं जोर लावला आणि कडेची क्लिप मोडली. ती घरी गेली नाही, रिक्षानं थेट संस्थेत आली आणि व्हरांड्यात अन्वरपुढं उभी राहून ओक्साबोक्शी रडली. "सर, मी पहिली आली व्हती ना? मग मला येत का नाय?"

मी तिथंच होतो. मला वाटलं, आता अन्वर चिडणार, प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन टेबल उलटं करणार. त्याच्या जागी मी असतो तर... सोडा, मी काय केलं असतं ते वर लिहिलंच आहे. अन्वरनं तिला पाणी दिलं. म्हणाला, "तुझी चूक नाही बेटा. दोन सेकंद दाबून धर, असं तुला शिकवलं, तू धरलंस. रविवारी मुकुंदवाडीला घरी ये. येताना मैत्रिणीलाही आण."

त्याच आठवड्यात तो भंगारवाल्याकडं गेला. बावीसपैकी फोडायची राहिलेली सहा मशिनं त्यानं रिक्षात घालून घरी आणली आणि बाहेरच्या खोलीत मांडली. त्याच्या बायकोचा, शाहीनभाभींचा दिवाण हलवून स्वयंपाकघराच्या दाराशी लावला. दर रविवारी सकाळी वर्ग. मला म्हणाला, "जगनभाऊ, ये की. पोरांना अर्थिंगचं तूच सांग, मला तुझ्याएवढं येत नाही." दर शनिवारी म्हणायचा. मी कधी पाहुणे आलेत म्हणालो, कधी गुडघा दुखतोय म्हणालो. दीड वर्ष मी त्या घराची पायरी चढलो नाही. त्याआधी ईदेचा शीरखुर्मा कधी चुकवला नव्हता, तोही त्या वर्षी भाभींनी डब्यात पाठवला.

कबरस्तानात त्याची पोरं-पोरी दोनशेच्या वर होती. पोरी फाटकाबाहेर उभ्या होत्या. आमच्या संस्थेतून आम्ही सहा जण. प्राचार्यांना बैठक होती. ते थेट आठ दिवसांनी श्रद्धांजलीच्या सभेत भेटले, आणि ती सभा ठेवली कुठं, तर त्याच गेम लॅबमध्ये! सोफ्यावर मान्यवर, भिंतीला अन्वरचा फोटो, फोटोखाली चार्जिंगचं कपाट. प्राचार्य म्हणाले, अन्वर सर नव्या तंत्रज्ञानाचे पुरस्कर्ते होते. मी खुर्चीचा दांडा धरून बसलो. मग म्हणाले, सरांच्या स्मृती चिरंतन राहाव्यात म्हणून खेळाच्या कंपनीनं एक कल्पना मांडली आहे. पडद्यावर खेळ सुरू झाला. एका कोपऱ्यातून एक कार्टून चालत आलं. डोक्यावर जाळीची टोपी, छातीपर्यंत दाढी, हात वर करून म्हणतंय, 'व्वा! शाब्बास! आता पुढची पायरी!' खाली नाव, 'अन्वर सर'.

अन्वरला दाढी कधीच नव्हती. रोज सकाळी गुळगुळीत करून यायचा, चौकड्यांचा शर्ट, जाड चष्मा. वर भिंतीला फोटो लावलाय, तेवढा तरी बघायचा होता! पण नाव अन्वर म्हटल्यावर त्या चित्रकाराला फोटोची गरजच पडली नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याच्या तोंडी शाब्बास घातलं. पट्टी कशीही सरकवा, शाब्बास. बोट नुसतं ठेवा, शाब्बास. माणूस आयुष्यभर जे बोलला नाही ते मेल्यावर त्याच्याकडून दिवसभर चाळीस टॅबलेटवर वदवून घेताहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाहीनभाभी पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. सगळ्यांना वाटलं, त्या भारावल्या. माझ्या शेजारून जाताना मला म्हणाल्या, "जगनभाऊ, हे कोण आहे हो?"

त्या वेळी उठून चार शब्द सुनवावेत एवढा राग माझ्यात होता. उठलो नाही. नेहमीसारखाच.

मागच्या शनिवारी भाभींचा फोन आला. "पोरी अजून येतात रविवारी. मी नाही म्हणत नाही, पण मला यातलं काही समजत नाही. मशिनं न्यायची तर न्या, शिकवायचं तर शिकवा, पण एकदा येऊन तर जा." आता गुडघ्याचं कारण सांगायला समोर अन्वर नव्हता. मी गेलो. मनात ठरवून गेलो होतो की पोरांना समजावून घरी पाठवायचं आणि मशिनं संस्थेत आणून ठेवायची.

बाहेरच्या खोलीत सतरंजीवर पाच जणं बसली होती. चार पोरी आणि एक पोरगा, आणि शिकवत होती कोमल. तिला औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात दुरुस्तीचं काम लागलंय, हे मला तिथंच कळलं. मला बघून सगळी उठली. "बसा सर, आमचं चाललंय." तिच्यापुढं एक मशीन उघडं होतं, आणि त्याच्या कडेला ती चिठ्ठी होती. तपासले, निकामी, दुरुस्तीयोग्य नाही. कोपरे पिवळे पडलेले, पण चिकटपट्टी लावून नीट जपलेली.

"ही चिठ्ठी अजून काढली नाय?" मी विचारलं.

"सर काढू देत नव्हते. नव्यानं कुणी आलं की पहिलं हेच मशीन द्यायचे. म्हणायचे, तीन मोठ्या माणसांनी हे मेलं म्हणून लिहून दिलंय. तू वाचू नको, खोलून बघ."

"कोण तीन, ते सांगितलं का?"

"विचारलं व्हतं मी. तर म्हणले, तुला मशीन दुरुस्त करायचंय का माणसं?" ती हसली. तिनं रॅमची पट्टी काढली, बाजूच्या डबीतून एक खोडरबर घेतला. अन्वरचाच असणार, एका बाजूनं झिजून पार काळा झालेला. पट्टीच्या सोनेरी दातांवर ती तो घासत राहिली, मनातल्या मनात मोजत असल्यासारखी. मग पट्टी खाचेवर ठेवली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबली. खट्. दुसऱ्या बाजूनं खट्. "सर, एवढीच खोट व्हती ह्याला. दातांवर मळ. पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटांचं. मी बावीस सह्यांना तेवढाही वेळ घेतला नव्हता.

"कोमल," मी म्हणालो, "ह्यातली मधली सही माझी हाय."

आत भाभींच्या हातातलं भांडं थांबल्याचं मला ऐकू आलं. कोमलनं चिठ्ठीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, ही आता मला सुनावणार, आणि सुनावलं असतं तर बरं झालं असतं. तिनं मशीन माझ्याकडं वळवलं.

"मग चालू तुम्हीच करा, सर."

मी बटन दाबलं. एक बीप वाजली. पंखा फिरायला लागला आणि पडद्यावर पांढरी अक्षरं आली. कोमलनं मान डोलावली, मशीन बंद केलं, वायर काढली. रॅमची पट्टी पुन्हा उपसून एका बाजूनं अर्धवट ठेवली, चिठ्ठीचा सुटलेला कोपरा बोटानं दाबून बसवला आणि ते मशीन शेजारी बसलेल्या नव्या पोरीपुढं सरकवलं.